घोंगडं भिजत ठेवू नका

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका प्रदर्शनात ‘अस्सल हातमागाची’ म्हणून घोंगडी घेतली. घरी येऊन काठाचं एक सूत उपटलं आणि काडी ओढून त्याखाली धरली. लोकर जळते तेव्हा केस जळाल्याचा वास येतो, आणि उरलेली राख बोटांत चुरगळली की तिचा भुगा होतो. इथे सूत वितळलं आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. प्लास्टिक!

फसलो म्हणून हे लिहीत नाही. पैसे घेऊन अस्सल घोंगडी शोधणाऱ्यालाही ती मिळत नाही, अशी वेळ आली आहे, म्हणून लिहितोय.

दख्खनी मेंढी काळी, तिची लोकर राठ. तिला रंग द्यावा लागत नाही. धनगर वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात, घरच्या बाया लोकर पिंजून चरख्यावर सूत काढतात, आणि सनगर, खुटेकर ही विणकर मंडळी ते विणतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके वाटून शिजवलेली ती चिकट पेज मोठ्या कुंच्याने धाग्यांवरून ओढायची, एक धागा दुसऱ्याला चिकटू द्यायचा नाही, आणि ऊन असेतो सगळं वाळवायचं. आभाळ आलं की दिवस गेला. मग विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. खाली पायांचं काम, वर हातात धोटा. अशा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढपाळ पावसात दिवस काढू शकतो.

आज मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. म्हणून कळपांत माडग्याळसारख्या जाती आल्या. ही मेंढी उंच, वजनाला भारी, पण अंगावर लोकर नावापुरती. जी दख्खनी उरली, तिची लोकर विकून अनेक गावांत कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. कातरलेला ढीग बांधावर टाकून कळप पुढे जातो. बाजारात पानिपतहून आलेल्या स्वस्त ब्लँकेटांच्या थप्प्या आहेत. पानिपतापुढे हरायची आपली ही दुसरी खेप.

पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवाच्या नावाने भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवाला चालते ती. आपल्या पलंगावर मात्र टोचते म्हणे.

घाई का, तर मी ज्यांच्या मागाशी बसलो ते सगळे विणकर साठी ओलांडलेले होते. एकाच्या मुलाने घर नवं बांधलं तेव्हा मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्यालाही संसार आहे. पण ती फरशी पुन्हा माग बसवायला कोणी उकरणार नाही. घोंगडं जितकं भिजत ठेवाल तितकं जड होतं, आणि हे आपण बरीच वर्षं भिजत ठेवलंय.

तेव्हा विनंती आहे : यंदा घरात एखादं पांघरूण घ्यायचंच असेल तर हातची घोंगडी घ्या. लग्नाच्या आहेरात आणखी एक भिंतीवरचं घड्याळ देण्याऐवजी घोंगडी द्या. माण, खटाव, सांगोला, जत या बाजूला कोणी नातलग असेल तर आजच फोन करून विचारा, जवळपास माग चालू आहे का, सूत हातचं आहे की गिरणीचं. माग सापडला तर भाव पाडू नका, आणि निम्मे पैसे आधी द्या. हे आधी देणं फार महत्त्वाचं. लोकर कातरणीच्या वेळी रोख मोजून घ्यावी लागते आणि घोंगडी विकली जाते थंडीत. मधले महिने विणकराने कशावर काढायचे? घोंगडी दोन महिन्यांनी मिळाली तर कुरकुर करू नका, आभाळाचं वर सांगितलंच आहे.

धनगरवाड्या असलेल्या गावांना आणखी एक सांगणं. मेंढी-शेळी विकास महामंडळाने कातरणीच्या दिवसांत गावातच, रास्त भावाने लोकर घ्यावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत करा आणि पाठवा. प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी गाळा देण्याआधी एक सूत जाळून बघावं. त्याला काडीपेटीहून जास्त खर्च नाही.

घोंगडी घरी आली की वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. उन्हात टाका, काठीने झोडपा, पुन्हा अंथरा. पहिले काही दिवस टोचेल. तेवढं सोसा.