रिपोर्ट नॉर्मल, माणूस मात्र नाही

इटियाडोहच्या कालव्याला पाणी सुटले की बांध्या भरतात आणि रोवणीची लगबग सुरू होते. गाढवी नदीवरच्या या धरणाने अर्जुनी मोरगाव परिसरात धान पिकवले. ओलिताच्या गावात मनाच्या आजाराचा प्रश्न नसावा, असे सहज वाटून जाते. शेतकऱ्यांच्या मानसिक ताणाचा विषय निघाला की यवतमाळ, अमरावतीची नावे पुढे येतात. राज्य सरकारने 2015 मध्ये सुरू केलेला ‘प्रेरणा’ हा समुपदेशन प्रकल्पही विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी होता. त्यात गोंदिया नव्हता. पण नैराश्य काही ओलित-कोरडवाहू पाहून येत नाही.

आपल्याकडे ते बहुधा शरीराची तक्रार होऊन येते. ‘डोके जड राहते’, ‘अंगात त्राण नाही’, ‘जीव घाबरतो’. मग सलाईन लावले जाते. दोन दिवस बरे वाटते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सलाईनमध्ये पाणी, मीठ, फार तर साखर असते. नैराश्यावरचे औषध नसते. थकवा असेल तर आधी रक्त जरूर तपासावे, कारण ॲनिमिया आणि सिकलसेल या भागाला नवे नाहीत. थायरॉईडही पाहावे. अडचण होते ती रिपोर्ट नॉर्मल आल्यावर. ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगून घरचे मोकळे होतात, आणि आजारी माणूस आणखी गप्प होतो.

अशा वेळी दोनच गोष्टी विचाराव्यात. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा, त्यातली गोडी गेली आहे का? रोवणी तोंडावर आली तरी बांधीकडे फिरकावेसे न वाटणारा माणूस आळशीच असेल असे नाही. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जेवण तुटणे, ‘माझा सगळ्यांना भार झाला’ असे बोलणे ही त्याच आजाराची लक्षणे. छातीत धडधड, घाम, आता मरतो अशी भीती, पण ईसीजी ठीक, असे वारंवार होत असेल तर तो चिंतेचा आजार असू शकतो. बाळंतिणीचे रडणे दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल तर ‘होते असे’ म्हणून सोडू नये. झोपेसाठी दारू घेणाऱ्याची झोप तर बिघडतेच, उदासीही वाढते.

मरणाची भाषा, कानात आवाज येणे, अन्नपाणी सोडणे, रात्र रात्र न झोपता अखंड बडबड, यांपैकी काही दिसले तर दोन आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोवर माणसाला एकटे ठेवू नये आणि फवारणीची औषधे कुलपात टाकावीत. मरणाविषयी सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपवणाऱ्या घरांनी हेही जाणावे, की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचे मानून शिक्षेपासून संरक्षण दिले आहे.

गावात हे जमते का? अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार करून लोकांशी बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम 4.3 टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेले. कोणी दारात येऊन विचारले, एवढ्यानेही बराच फरक पडतो. आपल्याकडे ते दार आशाताईंना ठाऊक आहे, मात्र त्यांच्यावर आधीच किती कामे लादली आहेत हेही पाहायला हवे.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. पुढे गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाणे शक्य नसेल तर ‘टेलीमानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही चालतो. औषध सुरू झाल्यावर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमके याच काळात ‘गुण नाही’ म्हणून गोळ्या बंद होतात. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचे व्यसन लागत नाही. बरे वाटल्यावरही काही महिने त्या घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्या लागतात.