चोविसाव्या हिश्श्याची मोटार

आपल्याकडे खेळण्याला वयाची एक अलिखित मर्यादा असते. मूल पाचवी-सहावीत गेले की त्याच्या मोटारी पोटमाळ्यावर जातात किंवा धाकट्या मावसभावाच्या वाट्याला येतात. त्यानंतर कुणी वीतभर मोटार हातात घेऊन बसले की घरातून प्रश्न हमखास येतो, ‘आता काय लहान आहेस का?’ मी गेली काही वर्षे फावल्या वेळात छोट्या प्रमाणबद्ध मोटारी जुळवतो आणि रंगवतो, त्यामुळे हा प्रश्न मला सवयीचा झाला आहे. माझे उत्तरही ठरलेले आहे. खेळण्यातली मोटार पळवायची असते, ही मोटार बनवायची असते. बनवायला सबुरी लागते, आणि सबुरी वयाबरोबर येते असे तर आपण मोठी माणसेच सांगत असतो.

‘हे परदेशी खूळ आहे’ असे म्हणणारेही भेटतात. त्यांना मी दिवाळीची आठवण करून देतो. अंगणात नाहीतर सोसायटीच्या कोपऱ्यात दगडविटा रचून, त्यावर गोणपाट टाकून, चिखल लिंपून किल्ला उभारणारी आणि अळीव पेरून हिरवळ उगवायची वाट पाहणारी पोरे दुसरे काय करतात? मोठी वस्तू लहान करून पाहण्याची हौस आपल्या हाडातच आहे. एवढेच की आपल्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि महाराजांचे सिंहासन महादरवाजातून आत जात नाही. त्याने किल्ल्याची शोभा कमी होत नाही. मोटारीच्या प्रतिकृतीत मात्र चाकापासून आरशापर्यंत सगळ्यांना एकाच मापाने लहान व्हावे लागते.

हे माप म्हणजेच प्रमाण. सुट्या भागांच्या संचाच्या खोक्यावर १:२४ असे छापलेले असते. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी ही गाडी, असा त्याचा अर्थ. जुन्या हिशेबाने एका फुटाला अर्धा इंच. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब. ती या प्रमाणात सोळा सेंटिमीटरच्या आसपास भरते. १:६४ ची गाडी मुठीत मावते, तर १:१८ ची कपाटाचा मोठा कोपरा अडवते. १:४३ हा विचित्र आकडा खेळण्यातल्या आगगाडीकडून आला. ‘ओ’ मापाच्या रुळांशेजारी शोभतील अशा मोटारी करता करता तो रूढ झाला. नवशिक्याने १:२४ किंवा १:२५ पासून सुरुवात करावी. भाग चिमटीत धरता येतात आणि काम नजरेत भरते. प्रमाण नीट सांभाळले की काय जादू होते हे मुलांना दाखवायचे असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. एकदा जरूर न्यावे.

या छंदातले पहिले काम हाताचे नसते, डोळ्यांचे असते. जपानमधल्या शिझुओका गावची तामिया ही कंपनी या क्षेत्रात फार मोठी मानली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाच्या धंद्यातून ती उभी राहिली, आधी लाकडी आणि मग प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. पोर्श ९३४ या शर्यतीच्या गाडीचा १:१२ प्रमाणातला संच तिने १९७६ साली बाजारात आणला. त्याच्या तयारीत कंपनीने खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि आतली रचना समजावी म्हणून ती चक्क सुटी केली. आपल्याला एवढे करायचे कारण नाही. पण जी गाडी करायची तिची चार बाजूंनी छायाचित्रे गोळा करावीत. दाराची फट कुठे वळते, दिवा किती आत बसतो, टायर चकचकीत असतो की मळकट, हे आपण रोज पाहतो आणि तरी सांगता येत नाही. प्रतिकृती करायला घेतली की रस्त्यावरची गाडी पहिल्यांदा दिसू लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. संच उघडला की लगेच गोंद हाती घेऊ नका. आधी सूचनापत्र शेवटपर्यंत वाचा. मग सगळे भाग चौकटीसकट कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि वाळवा. साच्यातून सुटे व्हावेत म्हणून लावलेला तेलकटपणा भागांवर राहिलेला असू शकतो, आणि तेलावर रंग टिकत नाही हे फोडणीच्या कढईवरून कुठल्याही गृहिणीला ठाऊक असते. भाग चौकटीतून पिळून तोडू नये, छोट्या कात्रीपकडीने किंवा साध्या नेलकटरने कापावा. कापताना थोडा देठ ठेवावा आणि तो मागाहून बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा. चारशे नंबरापासून सुरू करून हजारापर्यंत जावे, शेवटचे घासणे पाणी लावून करावे. प्रत्येक जोड आधी गोंदाशिवाय जुळवून पाहावा. जो भाग कोरडा बसत नाही, तो गोंद लावल्यावरही बसणार नाही.

गोंदाचेही प्रकार आहेत. प्लास्टिकच्या संचासाठीचा खास गोंद दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो, म्हणून तो थेंबभरच लावायचा. झटपट चिकटणारे फेविक्विक धातूच्या भागांना चांगले, पण त्याच्या वाफेने पारदर्शक काचांवर पांढरी साय धरते. काचांना आपला पांढरा फेविकॉल बरा; तो वाळल्यावर दिसत नाही आणि सांडला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो. चाके बसवताना गाडी आरशावर किंवा सपाट काचेवर ठेवावी. गोंद ओला आहे तोवर चारही चाके जमिनीला टेकली आहेत ना, हे पाहून घ्यावे. तीन चाकांवर उभी आणि चौथे अधांतरी, अशी गाडी कितीही सुंदर रंगवली तरी पाहणाऱ्याची नजर त्या चाकावरच जाते.

रंगकामाला लोक सर्वांत जास्त घाबरतात. तिथे एक हिशेब मदतीला येतो. खऱ्या मोटारीवरचे रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. तिचा चोविसावा भाग काढला तर जेमतेम चार मायक्रॉन उरतात. इतका पातळ थर घरी कुणालाच जमणार नाही. पण रंग का जपून द्यायचा ते त्यावरून कळते. एकच जाड हात दिला की दाराच्या फटी बुजतात आणि गाडी साखरेचा पाक ओतल्यासारखी दिसते. म्हणून आधी प्रायमर, मग रंगाचे तीन-चार पातळ हात, आणि दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ. स्प्रेचा डबा वीतभर अंतरावरून धरावा. फवारा गाडीच्या अलीकडे सुरू करावा आणि पलीकडे गेल्यावर थांबवावा. पहिला हात विरळच दिसायला हवा. नवा रंग आधी रिकाम्या चौकटीवर मारून पाहावा, कारण काही रंग प्लास्टिक खातात. नेलपॉलिश काढायचे द्रावण तर या प्लास्टिकजवळ आणूच नये.

हवामानाचीही मर्जी सांभाळावी लागते. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात स्प्रे मारला तर हवेतली वाफ रंगात अडकून वर पांढुरकी झाक येऊ शकते. पावसाळा जुळणीला ठेवावा, रंगाला थंडीची कोरडी दुपार निवडावी. खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, आणि जवळपास गॅस किंवा देवापुढचे निरांजन पेटलेले नको. धारदार पाते लहान मुलांच्या हाती मोठ्यांनी समोर बसूनच द्यावे. रंग वाळला की नाही ते बोट लावून पाहायचे नसते, नाक लावून पाहायचे असते. वास येत असेल तर तो अजून वाळतो आहे. ओल्या रंगावर धुळीचा कण बसला तर तो तसाच राहू द्यावा. पुरता वाळल्यावर पाणी लावून घासता येतो आणि वरून पुन्हा एक हात देता येतो. या कामात बहुतेक चुका दुरुस्त होतात. दुरुस्त होत नाही ती घाई.

सामानासाठी फार खर्च करायला हवा असेही नाही. पेनची रिकामी रिफिल धुराड्याची नळी होते. जुन्या वायरीतली तांब्याची तार इंजिनाला उपयोगी पडते. मखमलीच्या चिंधीचा गालिचा होतो. मागच्या दिव्यांना पारदर्शक लाल रंगाचा एक ठिपका पुरतो. रंगीत खडूची तांबडी भुकटी कोरड्या कुंचल्याने चाकांपाशी फिरवली की गाडी नुकतीच रत्नागिरीहून आल्यासारखी दिसते.

बाजारात मिळणारे बहुतेक संच परदेशी गाड्यांचे असतात, त्याला इलाज नाही. हात बसवायला ते उत्तम. पण मला खरी ओढ आहे ती आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांची. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनीने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली, तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ साली नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनीने रस्त्याचा निरोप घेतला. अँबॅसिडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. ज्या गाडीतून आपण बारशाला गेलो, बोर्डाच्या परीक्षेला गेलो, मध्यरात्री दवाखान्यात गेलो, ती आता छायाचित्रात उरली आहे.

ती पुन्हा करता येते. मागे ओढून सोडायची एखादी तयार खेळण्यातली टॅक्सी घ्यावी, तळाचे स्क्रू काढून ती सुटी करावी, घासून प्रायमर द्यावा आणि नव्याने रंगवावी. नियम एवढाच की फिका रंग आधी, गडद नंतर. पांढऱ्या प्रायमरवर टपाचा पिवळा द्यावा, तो पक्का वाळल्यावर मास्किंग टेप लावून झाकावा आणि मग अंगाला काळा. टेपची कड नखाने नीट दाबली नाही तर काळा रंग पिवळ्यात झिरपतो.

आमच्या शेजारी एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने अशी टॅक्सी रंगवली. त्याच्या आजोबांनी पंचवीस वर्षे टॅक्सी चालवलेली. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा वर करून फिरवून पाहिली आणि म्हणाले, ‘अरे, आणि मीटर?’ खरेच, डाव्या बाजूला बाहेर बसवलेला तो लोखंडी मीटर राहूनच गेला होता. मग टपावरचे कॅरियर कसे होते, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी कसा होता, पुढच्या सलग सीटवर माणसे कशी दाटीवाटीने बसत, हे सगळे त्या संध्याकाळी निघाले. नातवाने आजोबांना त्यांच्या कामाविषयी इतके प्रश्न त्याआधी कधी विचारले नव्हते. काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा एक मीटर त्या टॅक्सीला नंतर लागला, तो आजोबांनी स्वतः कापला.

या छंदातून पुढे काही निघते का, असे पालक विचारतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलग्यांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालवली. आधी नेपोलियनच्या काळच्या शाही बग्गीची नक्कल करायची असे, पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार. बक्षीस म्हणून विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळे आणि त्यांतले कितीतरी जण पुढे मोटारींचे आराखडे करू लागले. मुलींना त्यात जागा नव्हती, ती चूक आपण करू नये. तरीही, करिअरसाठी म्हणून हा छंद मुलांवर लादू नये असेच मी सांगेन. त्याचा खरा लाभ वेगळा आहे. सुरू केलेली वस्तू पूर्ण करण्याचा अनुभव मुलांना हल्ली फार कमी मिळतो. शाळेचा प्रकल्प आई रात्री जागून करते किंवा बाबा तयार विकत आणतात. मुलाला शाबासकी मिळते, पण ती आपली नाही हे त्याला कळत असते.

म्हणून मोठ्यांना एक विनंती. मूल मोटार जुळवत असेल तेव्हा शेजारी बसा, पाते सांभाळा, विचारले तर सांगा. पण कुंचला हातातून काढून घेऊ नका. पहिल्या गाडीचा आरसा तिरका बसेल, रंगाचा एखादा ओघळ राहील. ती गाडी लपवू नका. दिवाणखान्याच्या कपाटात, पाहुण्यांना दिसेल अशा जागी ठेवा. तिसरी गाडी झाली की पहिलीतला ओघळ मुलाच्या स्वतःच्याच डोळ्यांना दिसेल, आणि त्यापेक्षा चांगला शिक्षक कुठे मिळत नाही.

आजच सुरुवात करायची तर खर्चही नको. आपल्या घरची पहिली गाडी कुठली होती ते आजी-आजोबांना विचारा. स्वतःची नसेल तर ज्या टॅक्सीतून, जीपमधून किंवा लाल डब्यातून गावी जात असाल ती धरा. अल्बममधला तिचा फोटो शोधा, टेप घेऊन लांबी-रुंदीचा अंदाज काढा, त्याला चोविसाने भागा आणि पुठ्ठ्यावर ती बाजूने आखा. पुढच्या रविवारी कापायला घ्या.