दहा दिवसांचा कारागीर

सहावी ते आठवी या तीन वर्षांत केव्हातरी दहा दिवस मुलांनी दप्तर घरी ठेवावे आणि सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु दहा दिवसांत मुलाला रंधाही नीट धरता येत नाही. गावच्या संसाराला त्याचा हातभार कोठून लागणार?

कार्यानुभव नावाचा विषय आपल्या शाळांत होताच. आम्ही शिक्षक असताना बाजारातून विकत आणलेल्या वस्तूंना त्याचे गुण निमूटपणे दिले आहेत. त्या दोषाचे वाटेकरी आम्हीही आहोत. शाळेत होणाऱ्या कामाची गावात कोणास गरजच नसेल, तर उद्योगाचे केवळ सोंग उरावयाचे.

याच्या उलट उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यांच्या पद्धतीत शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य हे चारही विभाग प्रत्येकाने शिकावयाचे. लोखंडाचे जोडकाम असो, रोपे असोत की मातीची परीक्षा, काम गावाच्या गरजेचे निवडावयाचे. अशा कामासाठी बाहेर जाणारा पैसा थोडाफार तरी गावातच फिरतो आणि मुलाला पोटासाठी शहर हाच एक मार्ग उरत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. राजाजींनी १९५३ साली मद्रास राज्यात मुलांचा अर्धा दिवस घरच्या धंद्याला देण्याची योजना आणली. जातीचा धंदा जातीलाच चिकटविणारी म्हणून तिला तीव्र विरोध झाला व १९५४ साली ती सोडावी लागली. तो विरोध रास्तच होता. म्हणून सर्व मुलामुलींना सर्व कामे, हाच नियम हवा. मुलीने जोडकाम करावे, मुलाने स्वयंपाक शिकावा, आणि शहरातील शाळांनाही यातून सूट नसावी.

आमचे मागणे एवढेच: शासनाने आठवड्यातील एक दिवस वेळापत्रकात द्यावा, कारागिराला पाहुणा न समजता मानधन देऊन शिक्षक मानावे, आणि ग्रामपंचायतींनी आपली लहानसहान कामे प्रथम शाळेला सांगावीत. हे न झाल्यास दहा दिवसांची सहल होईल आणि अकराव्या दिवशी मुले पुन्हा गुणांच्या मागे व गावाबाहेरच्या वाटेला लागतील.