लातूर पॅटर्नच्या आधीची चार वर्षं

लातूर पॅटर्न म्हटलं की डोळ्यांसमोर येतात क्लासेसचे फलक, नीटचे मार्क छापलेले बॅनर आणि मेसचे डबे. तुम्ही स्वतः त्यातून गेला असाल, नाहीतर तुमचा रूम पार्टनर तरी गेला असेल. पण या पॅटर्नची चर्चा सुरू होते ती दहावीच्या निकालानंतर. त्याआधीच्या दहा वर्षांपैकी पहिली चार कुठे जातात, हे सहसा कुणी विचारत नाही. निलंगा तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर ती जातात जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांत. पट चौदा-पंधरा, शिक्षक दोन, बाहेर एक लिंबाचं झाड आणि खिचडीची चूल. निलंगा म्हटल्यावर बाहेरच्यांना आधी निलंगा राइस आठवतो, शाळा आठवत नाही, ते सोडा. या शाळांचं २०२४-२५ हे वर्ष नीट बघण्यासारखं आहे. कारण याच वर्षात त्या वाचायला शिकवण्यात पुढे सरकल्या, आणि याच वर्षात त्या राहणार की जाणार हा प्रश्नही तीनदा बदलला.

आधी अशी शाळा चालते कशी ते बघू. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. फळ्याचे दोन भाग करायचे, तिसरीला गणित घालून द्यायचं आणि ती सोडवेपर्यंत चौथीला परिसर अभ्यास शिकवायचा. चौदा मुलं म्हणजे सोपं काम, असं आपल्याला वाटतं. पण चौदा मुलं चार वर्गांतली असतात. सगळे विषय आणि सगळ्या इयत्ता दोघांनीच करायच्या. वर पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँकेतली कामंही त्यांचीच. आणि त्यातला एक जण प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकाच खोलीत येतात. २०२४-२५ मध्ये तर २० नोव्हेंबरची विधानसभा निवडणूक होती. मतदार याद्या, प्रशिक्षण, मतदान केंद्र, सगळीकडे गुरुजी आणि मॅडम. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना मुभा आहे, त्यामुळे कायद्यानं त्यात चूक काही नाही. फक्त तीस शिक्षकांच्या शाळेतून एक जण गेला तर एक तास ऑफ मिळतो, आणि दोन शिक्षकांच्या शाळेतून एक जण गेला तर अर्धी शाळा जाते.

आता निर्णयांकडे या. शिक्षण हक्क कायदा २००९ चं परिशिष्ट सांगतं की पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. वीस मुलं असोत की साठ, दोन. मात्र १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानं वीसपर्यंत पट असलेल्या शाळेतलं दुसरं नियमित पद धोक्यात आणलं, आणि तिथे सेवानिवृत्त शिक्षकाची सोय सुचवली. मग ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे बरोब्बर शिक्षक दिनी, निर्णय आला की त्या दुसऱ्या जागेवर डीएड-बीएड झालेला बेरोजगार कंत्राटी पद्धतीनं घ्यायचा, मानधन महिना १५ हजार. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामूहिक रजा टाकून मोर्चात उतरले. पटाची मर्यादा वीसवरून दहावर आली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटीचा निर्णयच रद्द झाला. एका शैक्षणिक वर्षात एकाच खुर्चीबद्दल इतक्या वेळा मत बदललं. तुमच्यापैकी जे डीएड करताहेत त्यांना हे जास्त कळेल: अभियोग्यता चाचणी द्यायची, पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं डोळे लावून बसायचं, आणि मध्येच कुणीतरी तीच जागा पंधरा हजारांत देऊ करतं.

हे एवढ्यावर थांबलं नाही. एक राज्य एक गणवेश या योजनेत कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली, आणि कितीतरी ठिकाणी गणवेश उशिरा आले, मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे गेले. पाठ्यपुस्तकातच वहीची पानं घालण्याचा प्रयोगही २०२५-२६ पासून बंद झाला. पोषण आहारातल्या अंड्याचं तर फारच वाईट वाटतं. आठवड्याला एक अंडं मिळायचं, जानेवारी २०२५ च्या शेवटी शासनानं त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. ज्या गावात अर्धे आईबाप ऊसतोडीला गेलेले, तिथे लोकसहभाग करणार कोण?

तरीही या वर्षात एक गोष्ट पुढे गेली, आणि ती छोटी नाही. लेकरं वाचायला लागली. २०२४ चा ‘असर’ अहवाल देशाच्या ग्रामीण भागाचा आहे. त्यात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. म्हणजे अजूनही चारातल्या तिघांना येत नाही, हे खरं. पण कोरोनानंतर खाली गेलेला आकडा दोन वर्षांत सात टक्क्यांनी वर येणं ही साधी बाब नाही. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेत तिसरीपर्यंत वाचन आणि बेरीज-वजाबाकी पक्की करण्याचं ध्येय २०२६-२७ पर्यंत ठेवलंय. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये ‘निपुण महाराष्ट्र’चा कृती कार्यक्रम आला. त्यातला चावडी वाचनाचा भाग मला सगळ्यात आवडतो. पोरगं गावासमोर उभं राहून वाचतं आणि गाव ऐकतं. अहवाल वरच्या ऑफिसला जातो तो जातोच, पण ज्या आजीला स्वतःला वाचता येत नाही तिलाही कळतं की नातवाला येतं का नाही.

निलंग्यात हे अवघड का आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. कर्नाटक हाकेच्या अंतरावर. औराद शहाजानी, कासार सिरसीकडे बाजारात मराठीत बोलता बोलता कन्नड कानावर पडतं. तांड्यावरचं लेकरू घरात गोरमाटी बोलतं आणि पहिलीत येऊन पुस्तकातली पुण्याची मराठी ऐकतं. त्याच्यासाठी पहिली भाषाच दुसरी असते. अशा वर्गात शिक्षकाला मुलाची घरची भाषा थोडी तरी यावी लागते, आणि ती यायला तो शिक्षक त्या गावात दोन-चार वर्षं टिकावा लागतो. दर वर्षी बदलणाऱ्या कंत्राटी माणसाकडून हे कसं व्हावं?

आणि याच शाळांवर १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीची सक्ती आली. १७ जूनला ती जरा मवाळ झाली: दुसरी भाषा हवी तर घ्या, पण त्या इयत्तेत किमान २० मुलांनी मागायला हवी. अहो, इथे चारही इयत्ता मिळून वीस भरत नाहीत! २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. तेव्हा वाद मराठी विरुद्ध हिंदी असाच रंगला, टीव्हीवर तर काही विचारूच नका. पण निर्णय लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणती शाळा होती, हा माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न. तिथे नक्कीच घंटा झाली की शिक्षक बदलत असणार.

मग अशा शाळा बंदच का करू नयेत? हा प्रश्न टाळून चालणार नाही. तुमच्यातले बरेच जण मनात हेच म्हणत असतील. शासनानं सप्टेंबर २०२३ मध्ये यावर समूह शाळेचं उत्तर काढलं. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यात १ लाख ८५ हजार मुलं आणि २९,७०७ शिक्षक. हे एकत्र करून मोठी, सोयींची शाळा बांधायची. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत दाखवलं गेलं. यातला मुद्दा खोटा नाही. दुसरीत दोनच मुलं असतील तर खेळायला कोण, चढाओढ कुणाशी, गटात काम करायचं कसं? संगीत शिकवायला, लॅबमध्ये हात लावायला मोठी शाळा लागतेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच दुखणं मांडलंय. २०१६-१७ च्या आकडेवारीनुसार देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळपास २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती.

पण अंतर कागदावर मोजलं जातं आणि लेकरू चिखलातून चालतं. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम उगीच नाही. निलंग्याची काळी माती पावसात चपलेसकट पाय धरून ठेवते, मधला ओढा भरला की दोन-दोन तास उतरत नाही. पानशेतला बस आली म्हणून मुलं आली. ती बस दहा वर्षं रोज येणार, डिझेलचं बिल वेळेवर निघणार, ड्रायव्हर सुट्टीवर गेला तर दुसरा मिळणार, याची हमी कोण देईल? तुम्ही एसटीची वाट बघत कॉलेज केलं असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. बस आली नाही तर तुम्ही एखादं लेक्चर बुडवता. सहा वर्षांच्या पोरीची मात्र हळूहळू शाळाच सुटते.

मला वाटतं, समूह हवाच. पण तो तीस वर्षांपासून आपल्याकडे आहे आणि आपण तो वापरत नाही. त्याचं नाव केंद्र. कोठारी आयोगानं (१९६४-६६) शाळासंकुलाची कल्पना मांडली होती: जवळच्या शाळांनी साधनं आणि माणसं वाटून घ्यायची. महाराष्ट्रात १९९४ पासून साधारण दहा शाळांचं एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख, अशी राज्यात ४,८६० केंद्रं झाली. महिन्याला शिक्षण परिषद व्हावी, कुठल्या शाळेत वाचन अडलं ते तिथं बोललं जावं, एका शाळेतली चांगली युक्ती बाकीच्या नऊ शाळांत जावी, असं अपेक्षित होतं. विचार करा, दहा शाळांचे वीस शिक्षक म्हणजे एक बऱ्यापैकी मोठी शाळाच की. त्यात कुणी गाणं छान शिकवतो, कुणाचा गणितात हात बसलेला. आठवड्यातून एक दिवस शिक्षकांनी फिरावं, महिन्यातून एकदा मुलांनी एका ठिकाणी जमावं, खेळावं, मोठ्या शाळेसारखं वाटावं. एखाद्या शाळेतला शिक्षक निवडणुकीला गेला तर केंद्रातून दुसरा जावा. इमारत पाडावी लागत नाही, बसचं टेंडरही काढावं लागत नाही.

अडतंय कुठे? केंद्रप्रमुखच नाहीत. राज्यात यांची पदं इतकी रिकामी पडली की २०२३ मध्ये दोन हजारांहून जास्त जागांसाठी परीक्षा जाहीर करावी लागली, आणि मग ती परीक्षाच पुढे ढकलली जात राहिली. ज्या शाळेला माणूस पुरत नाही तिथलाच एखादा शिक्षक किंवा मुख्याध्यापक केंद्राचा अतिरिक्त कार्यभार सांभाळतो. मग केंद्र म्हणजे काय उरतं? व्हॉट्सॲप ग्रुप. ‘माहिती आजच पाठवा, अत्यंत तातडीचे.’

२०२४-२५ च्या यूडायस आकडेवारीनुसार देशात एकशिक्षकी शाळा एक लाख चार हजारांवर आहेत, त्यातल्या ८,१५२ महाराष्ट्रात. या यादीत पुढच्या वर्षी निलंग्याची कुठली शाळा जाईल हे एका तारखेला ठरतं. ३० सप्टेंबर. त्या दिवशीचा पट धरून संचमान्यता होते, आणि पटात तीच मुलं धरतात ज्यांचं आधार जुळतं. आपल्या भागाला ३० सप्टेंबर वेगळ्या कारणानं माहीत आहे. १९९३ ला त्याच पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, औसा-निलंग्यातली घरं पडली, गावं नव्यानं बसवावी लागली आणि त्या नव्या गावांत शाळाही नव्यानं भरल्या. आता त्याच तारखेला मुलं मोजतात. आधारवर नाव ‘राठोड’ आणि दाखल्यावर जरा वेगळं असेल तर वर्गात बसलेलं लेकरू हिशेबात नसतं. उलटंही होतं. सप्टेंबरला मोजलेली मुलं दिवाळीनंतर कारखान्याचं बॉयलर पेटलं की आईबापासोबत उसाच्या फडावर जातात, आणि वेळ अमावस्येला गाव शेतात जेवायला बसतं तेव्हा ती दुसऱ्याच जिल्ह्यात कोपीत असतात. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, तोवर परीक्षा तोंडावर असते. एकवीसवं मूल पटावर दिसलं नाही म्हणून पद जातं, आणि दिसलं तरी शिकायला ते निम्मंच वर्ष मिळतं.

हे आधार दुरुस्त करायला लॅपटॉप आणि अर्धा दिवस लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. तिच्या बैठकीत गावातल्या कॉलेजच्या पोरांनी जाऊन बसायला कुणी अडवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात तर शाळा बंद असेल, त्यामुळे सप्टेंबरमध्येच एखादा शनिवार काढा आणि पटावर नावं किती आणि जुळलेली किती, एवढं विचारून बघा.