दुकानाचा स्वभाव आणि उसनी पाटी

आपल्या मराठी कुटुंबांच्या छोट्या व्यवसायांची संकेतस्थळे गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने उभी राहिली. मुले शिकली, परगावी गेली आणि तेथून त्यांनी वडिलांच्या दुकानाला हे नवे दार करून दिले, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. परंतु त्या दारावर जो मजकूर लिहिला जातो तो वाचून आम्हांस खेद होतो. इंदूरच्या भाजणीवाल्याचे नाव झाकून तेथे बडोद्याच्या उदबत्तीवाल्याचे नाव चिकटवले, तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. ‘गुणवत्तेशी बांधिलकी’, ‘ग्राहकाचे समाधान हेच आमचे ध्येय’, ‘परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम’! हे इंग्रजीत लिहिलेले असते, आणि क्वचित मराठीत असले तर इंग्रजीचे कलेवर उचलून आणल्यासारखे असते. शेजारी एका हसऱ्या स्त्रीचे छायाचित्र असते. ती त्या घरातली नसते, त्या गावातलीही नसते. विकत मिळणाऱ्या चित्रांच्या भांडारातून ती आलेली असते.

साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत हा दुकानदारीचा विषय कशाला, असे काही सभासद विचारतील. त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. आपल्या संस्थांच्या स्मरणिका, नाट्यमहोत्सव, गणेशोत्सवातील व्याख्याने ही याच दुकानांच्या जाहिरातींवर आणि वर्गणीवर उभी राहिली. शिवाय महाराष्ट्राबाहेरच्या गावात मराठी गद्य सर्वाधिक लोकांनी वाचले ते ग्रंथालयात बसून नव्हे. दुकानाची पाटी, पुडीवरचा कागद, बरणीवरची चिठ्ठी यांवर वाचले. ते गद्य आज पडद्यावर गेले आहे आणि जाता जाता मेले आहे. साहित्यसंस्थेने याची दखल घ्यायची नाही, तर कोणी घ्यायची?

व्यापारशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला ब्रँडचे व्यक्तिमत्त्व म्हणतात, त्याला आम्ही दुकानाचा स्वभाव म्हणू. हा शब्द आमचा पोशाखी नाही. मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल खात्यात तीन तपांच्या जवळपास नोकरी करताना आम्ही हजारो दुकानांच्या पायऱ्या चढलो. तराजूवर मुद्रा आहे की नाही हे पाहण्याआधीच दुकानाचा स्वभाव कळू लागतो. काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे आहे की गल्ल्याकडे, सुटे पैसे देताना मालक कसा बोलतो, एखादा जिन्नस नसला तर ‘नाही’ म्हणतो की त्यासारखे दुसरे काही गळ्यात मारतो, कालची जिलबी आज वेगळ्या परातीत ठेवतो की ताज्यात मिसळतो, यांतून तो उलगडत जातो. यांपैकी कोणतीही गोष्ट ‘बांधिलकी’ या शब्दाने सांगता येत नाही. ती करून दाखवावी लागते, किंवा लिहायची झाली तर तपशिलाने लिहावी लागते.

तपशिलाचा हा अभाव एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आमच्या परिचयातील एका घरी दोन पिढ्यांपासून थालीपिठाची भाजणी करतात. धान्ये वेगवेगळी भाजतात, कारण बाजरीला जितकी आच लागते तितकी तांदळाला लागत नाही आणि एकत्र भाजले तर एक करपते व दुसरे कच्चे राहते. धने-जिरे शेवटी, मंद आचेवर. दळण जाडसर, म्हणजे थालीपीठ खुसखुशीत होते. ऐन पावसाळ्यात ते भाजणी करीतच नाहीत, कारण धान्याला दमटपणा धरतो आणि पीठ लवकर खवट होते. ज्याने ही भाजणी खाल्ली नाही त्यालाही एवढे वाचून ती मागवावीशी वाटेल. आता त्यांचे संकेतस्थळ पाहावे. तेथे भाजणीचे नाव ‘मल्टिग्रेन सेव्हरी पॅनकेक मिक्स’ असे आहे. खाली आरोग्य, पौष्टिकता आणि प्रेम यांविषयी तीन वाक्ये आहेत. पावसाळ्याचा उल्लेख नाही, दळणाचा नाही, आचेचा नाही. सबंध घराची अक्कल ज्यात साठली आहे तेच गाळले, आणि उरला तो चोथा पडद्यावर मांडला. आम्ही विचारले तेव्हा चिरंजीव म्हणाले, “काका, ते फार घरगुती वाटतं. प्रोफेशनल दिसायला हवं.” गृहउद्योगाने घरगुती वाटू नये, ही कोणती व्यावसायिकता? गिऱ्हाईक तेवढ्याचसाठी आले आहे. कारखान्यातली भाजणी त्याला कोपऱ्यावरच्या मॉलमध्ये मिळते.

याउलट व्यवसायाने आपला स्वभाव शब्दांत कसा उतरवावा, याचा धडा मराठीत शंभर वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे आणि तो सीमाभागातील वाचकांना तर घरचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आणि चरक आले, बेळगावची जागा सोडावी लागली, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. शेतकरी लोखंडी नांगराला बिचकत होता. लोखंडाने जमीन नासेल ही त्याची भीती होती. अशा गिऱ्हाइकाला पोकळ विशेषणे ऐकवून काय उपयोग? कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्र काढले. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी ते हाती धरले. कारखान्याचे हे मुखपत्र मराठी घरांनी इतके आपले मानले की त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले, आणि नांगराच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाच्या विचारांची एक पिढी घडवली. आज ‘कंटेंट’ या नावाने जे विकतात त्याचा यापेक्षा मोठा नमुना आम्हांस तरी ठाऊक नाही. लक्षात घ्यावे, ते पत्र कारखान्याच्या माणसांनी लिहिले, आपल्या भाषेत, आपल्या गिऱ्हाइकाला ओळखून. बाहेरच्या कोणाकडून घाऊक भावाने मजकूर आणला नव्हता.

आता तर घाऊक भावाचीही गरज उरली नाही. दुकानाचे नाव आणि मालाची यादी दिली की यंत्र क्षणार्धात चार परिच्छेद लिहून देते. यंत्राशी आमचे वैर नाही. पण ते हजारो दुकानांनी आधी लिहिलेले वाचून बोलते. जे फक्त तुमच्याच घरी घडते ते तुम्ही सांगितल्याखेरीज त्याला कोठून कळणार? सांगायला मात्र कोणी बसत नाही. आजीला विचारायला अर्धा तास लागतो.

महेश्वरी साडीची गत पाहून तर जीव तुटतो. महेश्वर हे अहिल्याबाईंच्या राजधानीचे गाव. तेथील किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरच्या आकृती साडीच्या काठात उतरल्या. वीट, चटई, हिरा, चमेलीचे फूल, नर्मदेची लाट अशी त्या काठांना नावे आहेत. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला ‘बुगडी’ म्हणतात. विणकरांची घरे, मागांचा आवाज, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या रेवा सोसायटीने या कलेला दिलेला नवा हात, सांगण्यासारखे किती आहे! काही विक्रेते हे सांगतातही, आणि त्यांची साडी दूर देशी जाते. परंतु आमच्याच मंडळींपैकी एकाच्या संकेतस्थळावर सर्व साड्या ‘एलिगंट’ आणि उरलेल्या ‘टाइमलेस’ होत्या. कोणत्या काठाला काय म्हणतात हे नाही, सूत किती आणि रेशीम किती हे नाही. हातमागाची की यंत्रमागाची, याविषयी तर सोयीस्कर मौन.

याच्या दुसऱ्या टोकाचा एक रोग आहे, आणि आमच्या समाजात तो अधिक आहे. स्वभाव दाखवायचा म्हणून काहीजण पगडी, तुतारी, वाड्याचा दरवाजा आणि नऊवारीतील बाहुली पडद्यावर आणून बसवतात; पार्श्वभूमीला पैठणीचा मोर. माळव्यात आलेल्या आमच्या घराण्यांना पिढ्या लोटल्या. आमच्या शेवेत लवंग आहे, आमच्या पोह्यांवर जिरावण पडते, आमच्या मराठीत ‘लाग्लंय’च्या शेजारी ‘भैया’ बसलेला असतो. बडोद्याच्या घरी आमटीत गूळ जरा अधिकच पडतो, आणि बेळगावकराचा कुंदा पुण्याला तसा जमत नाही. हा खरा आपला स्वभाव. तो लपवून पुण्याच्या सदाशिव पेठेचे सोंग घेणे हेही उसनेपणच आहे. पुण्याच्या दुपारी एक ते चार बंदच्या पाट्यांची आपण थट्टा करतो, पण त्या पाटीत निदान त्या दुकानाचा स्वतःचा आवाज होता.

इंग्रजीविषयी आमच्यावर आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. नातवंडे बंगळुरूत आणि न्यूजर्सीत आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही, मग इंग्रजी नको तर काय? इंग्रजी अवश्य असावी. ‘पावसाळ्यात आम्ही भाजणी करीत नाही’ हे वाक्य इंग्रजीतही तितकेच सरळ लिहिता येते. फक्त भाजणीला भाजणीच म्हणावे आणि खाली एका ओळीत ती म्हणजे काय हे सांगावे. जपान्यांनी आपल्या सुशीचे नाव बदलले नाही, म्हणून कोणाचे अडले नाही.

आणि मराठीला जागा न देण्याची कारणे आता उरलेली नाहीत. या शतकाच्या आरंभी देवनागरी पान वाचण्यासाठी आधी अक्षरसंच उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसत. ती अडचण केव्हाच गेली. ‘.भारत’ या देवनागरी पत्त्याची सोय २०१४ च्या ऑगस्टपासून आहे, तिच्यात मराठीचा समावेश आहे. आमच्या परिचयातील एकाही दुकानदाराने ती वापरल्याचे आम्ही पाहिले नाही. सीमाभागातील बंधूंना तर हा विषय अधिक टोचायला हवा. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवरील साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. राज्याचा कायदा आहे, तो पाळावा. कन्नड ही त्या भूमीची थोर भाषा आहे आणि तेथील आपल्या व्यापाऱ्यांना ती येतेही. पण रस्त्यावरच्या पाटीतील मराठीसाठी निवेदने देणारा गृहस्थ, ज्या पाटीवर कोणी फूटपट्टी घेऊन अक्षरे मोजायला येत नाही त्या आपल्या संकेतस्थळावर मराठीचा एक शब्द लिहीत नाही, याला काय म्हणावे? तेथे त्याचा हात कोणी धरला होता?

आमच्या जुन्या खात्याचा एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. आवेष्टित वस्तू संकेतस्थळावरून विकताना निर्मात्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत हे पडद्यावर दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार कोणाकडे करायची हे सांगण्याचेही बंधन घातले. आणि आपली संकेतस्थळे? आजीच्या हातच्या चवीवर तीन परिच्छेद, पण पाकीट दोनशे ग्रॅमचे की अडीचशेचे याचा पत्ता नाही. दूरध्वनीच्या जागी एक रिकामा अर्ज, तो भरला की उत्तर येत नाही. काट्याचे तोंड गल्ल्याकडे फिरवलेला दुकानदार आम्ही वर म्हटला, तो हाच. ‘विश्वास’ हा शब्द अशा पानावर मोठ्या अक्षरांत असतो, हे सांगायला नकोच.

खर्चाचे निमित्तही पटणारे नाही. असे पान लिहायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. कोण करते, कधीपासून, कशाने. काय करीत नाही आणि का. पाकीट केवढे, किंमत किती, किती दिवस टिकते. माल खराब निघाला तर काय करणार. फोन कोण उचलते आणि कोणत्या वेळी. चक्की कोणत्या वारी बंद असते. छायाचित्र स्वतःच्या स्वयंपाकघराचे, कढई काळी असली तरी चालेल. एवढे लिहून झाले की मग हवी तर विशेषणे घालावीत. आमचा अनुभव असा की तोवर त्यांना जागा उरत नाही.

आपल्या सभासदांपैकी अनेकजण निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, मुद्रितशोधक आहेत. दुपारी त्यांना वेळ असतो. ज्या दुकानदार सभासदांना आपल्या संकेतस्थळाचा मजकूर तपासून हवा असेल त्यांनी तो कागदावर उतरवून वाचनालयात आणून द्यावा. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही पाहून देऊ, मोबदला नको. मात्र निव्वळ वजन लिहिलेले नसेल तर कागद न वाचता परत करू.