लॅपटॉपच्या तापाचा ठावठिकाणा कंपनीनेच सांगावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतण्याआधी त्यात थर्मोकपलची टीप बुडवून तापमान पाहतात. १४०० अंशांच्या आसपासचा तो आकडा भट्टीतला की लॅडलमधला, म्हणजे ओतण्याच्या पात्रातला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण भट्टीतून लॅडलमध्ये येईपर्यंतच लोखंडाचं तापमान बरंच उतरतं. कुठला ते माहीत नसलेल्या आकड्यावर कुणी कास्टिंग ओतत नाही. याच कारखान्यांच्या डिझाइन विभागात, शेजारच्या महाविद्यालयांत आणि बँकांत जे लॅपटॉप चालतात, त्यांच्या आत मात्र असे कितीतरी तापमापक सेन्सर असतात की ते कशाचं तापमान सांगतात हे पैसे मोजणाऱ्याला कधीच कळत नाही. ही माहिती देणं कंपन्यांवर बंधनकारक असलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळेच सेन्सर अनोळखी असतात असं नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरजवळ सेन्सर असतो आणि कमाल मर्यादा, जी बऱ्याचदा १०० अंश असते, अजून किती दूर आहे हे तो सांगतो. एनव्हीएमई एसएसडी आपलं तापमान स्वतःच कळवते; २०२० साली आलेल्या लिनक्स कर्नल ५.५ पासून ते थेट वाचता येतं. अडचण आहे ती मदरबोर्डवर विखुरलेल्या सेन्सरची. चार्जिंग सर्किटजवळ, मेमरीपाशी, कीबोर्डखाली बसवलेले हे सेन्सर एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपला जोडलेले असतात आणि ती जोडणी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. म्हणून लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की ‘टेम्प १’, ‘टेम्प २’, ‘टेम्प ३’ अशी बिननावाची रांग दिसते. त्यात एखादा १२७ किंवा उणे १२८ दाखवतो. ही आठ बिटांत मावणाऱ्या संख्येची दोन टोकं आहेत. बहुधा त्या जागी सेन्सरच जोडलेला नसतो. अनेक संगणकांवर एखादा आकडा दिवसभर २७.८ वरून हलत नाही. फर्मवेअर तापमान केल्विनच्या दशांशात कळवतं, आणि तिथे ३०१० हा ठरावीक आकडा लिहून ठेवला असेल तर पडद्यावर नेमकं २७.८ उमटतं. ते वाचून मशीन थंड आहे असं समजणारा माणूस फसतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की थोडी खटपट केली तर हे शोधून काढता येतं. काही अंशी ते खरं आहे आणि प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने ती पद्धत शिकावी अशीच आहे. एका वेळी एकाच भागावर ताण द्यायचा आणि कोणता आकडा हलतो ते पाहायचं. प्रोसेसरला जड गणित दिलं की त्याचा सेन्सर काही सेकंदांत उसळतो. मोठी फाइल लिहायला घेतली की एसएसडीचा चढतो. उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावली की तिच्या जवळचा अगदी सावकाश वर सरकतो आणि चार्जर काढल्यावर तसाच सावकाश उतरतो. या चढउताराच्या वेगावरून बरंच ताडता येतं. पण बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच हीट पाइपने जोडलेल्या असतात. एक तापली की दुसरीचा आकडाही चढतो, आणि मधल्या सेन्सरचा मालक कोण हे ठरवता येत नाही. शिवाय मर्यादेचा प्रश्न उरतोच. ७० अंश प्रोसेसरला किरकोळ आहेत, बॅटरीला घातक. सेन्सर कुठला हे कळल्याशिवाय आकडा चांगला की वाईट हे सांगताच येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: माहिती दिली तर लोक नको तिथे हात घालतील आणि मशीन बिघडवतील. इतिहास उलट सांगतो. लिनक्सच्या सेन्सर शोधणाऱ्या प्रोग्रॅममुळे काही जुने आयबीएम थिंकपॅड कायमचे बंद पडले होते. प्रोग्रॅम फक्त चाचपणी करत होता, पण त्याच तारांवर बसलेल्या एका मेमरी चिपला ती चाचपणी लिहिण्याची आज्ञा वाटली आणि तिच्यातली माहिती खराब झाली. शेवटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आयबीएमची मशीन ओळखून तिथे थांबण्याची सोय करावी लागली. नुकसान झालं ते माहिती मिळाल्याने नव्हे, अंधारात चाचपडावं लागल्याने. सेन्सर वाचणं आणि पंख्याचा वेग बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची माहिती उघड करून दुसरीला कुलूप ठेवता येतं.

व्यापारी गुपिताचा मुद्दा तर मला मुळीच पटत नाही. सेन्सरची जागा झाकण उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसते, आणि प्रतिस्पर्धी कंपनी ते झाकण पहिल्या दिवशीच उघडते. फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या लॅपटॉपच्या एम्बेडेड कंट्रोलरचं फर्मवेअरच खुलं केलं. क्रोमबुकमधलं गुगलचं फर्मवेअर त्याआधीपासून खुलं आहे. एवढं उघड करूनही दोघांची विक्री चालू आहे. बाकीच्यांकडे आपण फक्त एक पानाचा नकाशा मागतो आहोत.

सामान्य ग्राहकाला याची गरज काय, हा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. मशीन फार तापलं तर ते आपोआप बंद होतं, हे खरं. पण ती सोय अपघात टाळण्यासाठी आहे, रोजची झीज रोखण्यासाठी नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आतला प्रत्येक भागही साधारण तेवढाच जास्त तापतो. उद्यमनगरासारख्या भागातली धूळ पंख्याच्या जाळीत बसली की त्यात भर. अशा वेळी ग्राहक थेट कंपनीकडे जात नाही, राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. चार्जिंग सर्किट तापतंय की थर्मल पेस्ट वाळली आहे, हे नकाशा पाहून समजलं तर दुरुस्ती थोडक्यात होते. नाही समजलं तर अख्खा मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळतो. तो खर्च ग्राहक करतो आणि कचराही आपल्याच गावात राहतो.

सरकारकडे यासाठी हत्यारं आहेत. सक्तीच्या नोंदणी आदेशानुसार लॅपटॉपची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी करावीच लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. नोंदणीच्या अटींत सेन्सरचा नकाशा घालता येईल. पण दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. शिवाजी विद्यापीठ, इथली अभियांत्रिकी महाविद्यालयं, जिल्हा परिषद, सहकारी बँका आणि साखर कारखाने संगणक निविदा काढून घेतात. त्या निविदेत एक कलम घालावं: प्रत्येक सेन्सरचा क्रमांक, त्याची मदरबोर्डवरची जागा, त्याची सुरक्षित कमाल मर्यादा आणि न जोडलेल्या क्रमांकांची यादी पुरवठादाराने यंत्रासोबत लेखी द्यावी, आणि ती मिळेपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता रोखून ठेवावा.