याचा उपयोग काय?

पिनकोड आपण शेकडो फॉर्मवर लिहितो. पण त्याच्याकडे एक संख्या म्हणून कधी बघितलंय?

श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. भोरला ४१२२०६ मिळाला, वेल्ह्याला ४१२२१२. टपाल खात्याने हे आकडे पत्रं वाटायच्या सोयीसाठी दिले. गणित कुणाच्या डोक्यात नव्हतं, तरी ते त्यात आहेच.

भोरचे अवयव पाडा : २ × ३ × २३ × २९ × १०३. पाच प्राइम नंबर, म्हणजे मूळ संख्या, आणि एकही दोनदा नाही! आता वेल्हे. अंकांची बेरीज १२, आणि ४१२२१२ला १२ने भागलं की बाकी शून्य. अशा संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, हे नाव ठेवलं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. भोर मात्र हर्षद नाही. बेरीज १५, आणि शेवटी ६ असल्यावर १५ने भाग जाणार कसा?

वेल्ह्याचा भागाकार येतो ३४३५१. तीही मूळ संख्याच. पण हे पक्कं करायला १८१पर्यंतच्या ४२ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. गुणाकार सोपा, फोड अवघड. १९७७च्या आरएसए पद्धतीची सुरक्षितता शेकडो अंकी संख्यांच्या याच अडचणीवर उभी आहे.

कॉम्प्युटरवाले म्हणतील, हर्षदपणा दशमान पद्धतीपुरता. बरोबर आहे. हेक्साडेसिमलमध्ये वेल्हे होतं ६४ए३४, बेरीज २७, भाग जात नाही. अवयव मात्र कुठल्याही पद्धतीत तेच राहतात. एक गुण कपड्यांचा, दुसरा अंगचा. हा फरक कळणं हेच तर गणित!

यावर आपला ठरलेला प्रश्न : "याचा उपयोग काय? पेपरला येतं का?" माझ्या मते या प्रश्नानेच आपल्या इंजिनिअरिंगची वाट लावलीय. एम-थ्री आपण पास होण्यापुरतं पाठ करतो आणि निकालाच्या दिवशी विसरतो. कापरेकरांकडे ना पोस्ट ग्रॅज्युएशन, ना कॉम्प्युटर. १९६२ला रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना म्हणून त्यांनी शिकवण्या घेतल्या, पण आकड्यांशी खेळणं सोडलं नाही. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली.

उपयोग कधी निघतो, कधी निघत नाही. पण उत्तर पाठीमागच्या पानावर छापलेलं नसताना झटापट करायची सवय असल्या 'रिकामटेकड्या' खेळातूनच लागते, आणि इंजिनिअरचं पोट त्याच सवयीवर चालतं.

तेव्हा आज रात्री आपापल्या गावाचा पिनकोड फोडा. आणि हो, कॅलक्युलेटरशिवाय!